वहिनींचे तीन ड्राइव्ह

माझ्या वहिनी लोकांचे आवाज साठवतात. नोकरीच आहे त्यांची. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक्स-रे विभागाच्या मागून जो बोळ जातो, त्याच्या टोकाला त्यांची खोली आहे. ज्यांच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं असतं आणि त्यानंतर ज्यांना बोलता येणार नसतं, ती माणसं आधी इथे येतात आणि रोजच्या वापरातली वाक्यं माइकसमोर बोलून ठेवतात. वहिनी ती एकेक करून कापतात, त्यातली खरखर काढतात आणि पाटीएवढ्या एका पडद्यावरच्या बटणांमागे बसवतात; त्या पडद्याला सगळे पाटीच म्हणतात. पुढे माणूस बटण दाबतो आणि त्याचाच आवाज बोलतो. ऑपरेशननंतर ‘राहून गेलं’ म्हणून परत येण्याची सोय नाही.

मी त्यांचा धाकटा दीर. रुग्णालयासमोर माझं रंगाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या खोलीत चहाला जातो, कारण माझ्या दुकानात डबे घुसळायचं यंत्र दिवसभर खडखडत असतं आणि त्यांच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकलेल्या आहेत. तिथे बसलं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. मला ते फारसं आवडत नाही, पण चहा चांगला असतो.

आमचं घर मुळात ओरडणाऱ्यांचं. वडील ओरडत, दादा ओरडतो, मीही काही मागे नाही. साधं पाणी मागायचं तरी आम्ही आग लागल्यासारखं मागतो. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, घरात कडाक्याचं भांडण चालू आहे आणि तेही आपल्यावरून. शेवटी धीर करून त्यांनी दादाला विचारलं. दादाने “कुठलं भांडण?” असं इतक्या जोरात विचारलं की त्यांची खात्रीच पटली. त्या स्वतः कधी आवाज चढवत नाहीत. त्या बोलायला लागल्या की आम्हाला गप्प बसावं लागतं, नाहीतर ऐकूच येत नाही. ही युक्ती आहे की स्वभाव, हे मला अजून कळलेलं नाही.

रुग्णालयात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंना रेकॉर्डिंगसाठी एक शांत माणूस हवा होता. त्यांनी सगळा मजला फिरून वहिनींना उचललं. तेव्हापासून त्या गाद्यांच्या खोलीत आहेत.

येणारी माणसं पहिल्या दिवशी फार चांगलं बोलतात. ‘सगळ्यांनी मिळूनमिसळून राहा.’ ‘मी समाधानी आहे.’ एका गृहस्थांनी आपल्या मुलांसाठी अर्धा तास उपदेश केला. वहिनी सगळं मुकाट्याने रेकॉर्ड करून घेतात, चहा देतात आणि मग विचारतात, “बरं, आता सांगा, सकाळी उठल्या उठल्या काय म्हणता?” मग खरं काम सुरू होतं. ‘पंखा कमी कर.’ ‘कोण आलंय?’ ‘माझा चष्मा कोणी घेतला?’ उपदेशाचं बटण कुणी दाबत नाही, असा वहिनींचा अनुभव आहे. त्या गृहस्थांनी वर्षभरात जे बटण सगळ्यात जास्त दाबलं ते होतं, ‘रिमोट इकडे दे.’

आता मूळ गोष्ट. तिची सुरुवात संगणकापासून आहे, आणि संगणकाचं मला तेवढंच कळतं जेवढं वहिनींना कळत होतं. म्हणजे चुकीचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या मशीनला व्हायरस लागला होता. दुरुस्तीला आलेल्या माणसाने सगळं पुसून नव्याने भरलं आणि जाताना सांगितलं, “सी मधलं गेलं, मॅडम. डी मधलं वाचलं.” वहिनींच्या नशिबाने बहुतेक आवाज डी मध्ये होते. त्या दिवसापासून त्यांचा सी वरचा विश्वास उडाला तो उडालाच. सी म्हणजे रस्त्यावरची ओसरी, डी म्हणजे आतली खोली, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यांनीच कशाला, अख्ख्या रुग्णालयाने केलं. कुठल्याही टेबलापाशी जा आणि विचारा, जो तो छातीवर हात ठेवून सांगायचा, “आपलं सगळं डी मध्ये असतं.” वहिनी त्याच्याही पुढे गेल्या. त्या प्रत्येक आवाज सी मध्ये रेकॉर्ड करायच्या, डी मध्ये उतरवायच्या आणि वर ई मध्ये आणखी एक प्रत ठेवायच्या. तीन ठिकाणी. घरी गॅस दोनदा बघणारी बाई ती, तिला तीन प्रती म्हणजे शांत झोप. रुग्णालयाची फायली ठेवायची सामायिक जागाही होती म्हणे, पण आवाजाच्या फायली जड असतात म्हणून तिथे घेत नसत. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. तिथे एकच प्रत राहिली असती.

मग सगळ्या विभागांची मशीनं बदलायची ठरली. सूचना आली: जुन्या मशीनमधल्या आवश्यक फायली सुरक्षित ठिकाणी हलवाव्यात. वहिनी सूचना पाळणाऱ्या आहेत. सी मध्ये जे काही सुटं पडलं होतं ते त्यांनी डी मध्ये हलवलं, ई मधली प्रत ताजी केली, आणि मी चहाला गेलो तेव्हा हात पुसत होत्या, घर आवरून झाल्यावर पुसतात तसे.

मशीन न्यायला कंत्राटदाराचा माणूस आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याच्या खिशाला चार रंगांची पेनं होती आणि त्यातलं एकही चालत नव्हतं.

“मॅडम, फायली हलवल्या का?”

“हलवल्या. कालच,” वहिनी म्हणाल्या. “सी चं काय करायचं ते करा. फक्त डी आणि ई ला हात लावू नका.”

“नाही लावत.”

आणि खरोखरच त्याने लावला नाही. त्याने मागच्या वायरी काढल्या, अख्खा खोका उचलून ढकलगाडीवर ठेवला आणि शीळ घालत निघून गेला. जाताना मी त्याला दारही उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. वहिनी कामाच्या वेळी फोन करत नाहीत, म्हणून मी घुसळायचं यंत्र बंद केलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “डी रिकामा आहे.”

“मग ई बघा.”

“ई नाहीच आहे.”

मी गेलो तेव्हा त्या नव्या मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मशीन चकचकीत होतं. डी मध्ये इतकी जागा होती की सगळ्या शहराचा आवाज मावला असता, आणि आत काहीही नव्हतं. जुन्या पेशंटांचं फारसं अडणार नव्हतं, त्यांच्या पाट्या त्यांच्या हातात होत्या. अडणार होतं एकाचं. एक सुतारकाका होते, त्यांचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. त्यांची वाक्यं कापायची बाकी होती. त्यांचा आवाज जो काही होता, तो त्या खोक्यात होता आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

मला सुतारकाका माहीत होते. माझ्या दुकानातून वॉर्निश न्यायचे आणि दर वेळी ते पातळ आहे म्हणून भांडायचे. जाडाभरडा, करवतीच्या वर चढवायची सवय असलेला आवाज. आमच्या घरात शोभला असता.

वहिनींनी कंत्राटदाराला फोन लावला. तिकडून कळलं की खोके गोदामात गेले, त्यातल्या डिस्का काढून झाल्या, आणि रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आज त्यांना ड्रिलने भोकं पाडायचं काम चालू आहे. “नियम आहे, मॅडम,” तो माणूस म्हणाला. आमच्याकडचे नियम एरवी वर्षानुवर्षं कोणी पाळत नाही. हाच नेमका वेळेवर पाळला जात होता. माझं डोकंच फिरलं.

“थांबवा म्हणावं!” मी ओरडलो.

“थांबवलंय. पण अर्ध्याच्या वर झाल्या म्हणतोय.” वहिनी उठल्या. “आधी वॉर्डमध्ये जाऊ.”

“वॉर्डमध्ये कशाला? आधी गोदामात जाऊ. सापडलं तर सांगायची वेळच येणार नाही.”

“आवाज त्यांचा आहे, भाऊजी. हरवला तर त्यांना कळायला नको?”

मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या बोळातून निघाल्याही होत्या.

सुतारकाका उशीला टेकून बसले होते. गळ्याला पट्टी, हातात लिहायची पांढरी पाटी. शेजारी स्टुलावर त्यांची बायको, बुटकीशी, मांडीवर पिशवी धरून बसलेली. वहिनींनी काही आडपडदा ठेवला नाही. मशीन नेलं, आवाज त्यातच गेला, सापडेल की नाही सांगता येत नाही, चूक माझी, एवढं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच खालचा होता, पण त्यांनी पलंगाचा दांडा धरला होता तो सुटत नव्हता.

काकांनी पाटीवर लिहिलं आणि आमच्याकडे फिरवलं: *चला, भांडणं मिटली.*

मी हसलो. काकूंनी पिशवीत चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, पाटी वाचली, आणि त्या हसल्या नाहीत.

“कालपासून हे असंच चाललंय,” त्या वहिनींना म्हणाल्या. “हे लिहितात. मी चष्मा शोधते. चष्मा सापडेपर्यंत राग येऊन गेलेला असतो. मग मी काय बोलू? घरी इतकी वर्षं हे ओरडत होते आणि मी उलट बोलत होते. आता मी एकटीनेच बोलायचं का? वेडी म्हणतील मला.” त्यांनी चष्मा परत पिशवीत ठेवला. “त्यांचं सोडा, बाई. ते लिहितील. मला तो आवाज हवाय.”

वहिनी निघाल्या. जिन्यात त्या एका पायरीवर थांबल्या, तेव्हा मला कळलं की त्या रडतायत. मी आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण त्यांनी वळून पाहिलं, मला बरं नाहीये की काय अशा नजरेने.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका भिंतीला खोके छतापर्यंत रचलेले, मधे टेबल, टेबलावर उभा ड्रिल आणि त्याच्यामागे एक दाढीवाला माणूस. त्याच्या डावीकडच्या क्रेटमध्ये भोकं पाडलेल्या डिस्का होत्या, उजवीकडच्या क्रेटमध्ये धडधाकट. डावीकडचं क्रेट भरलं होतं. मी तिकडे न बघायचा प्रयत्न केला.

“कुठल्या विभागाची?” त्याने विचारलं.

“आवाजाची,” वहिनी म्हणाल्या.

“विभाग खोक्यावर लिहिलेला असतो, डिस्कवर नाही. आणि खोके सगळे रिकामे.” त्याने उजवीकडच्या क्रेटवर हात ठेवला. “यातली असली तर जोडून बघता येईल. त्यातली असली तर चहा घ्या आणि जा.”

चहाला आम्ही नको म्हटलं.

तो उजवीकडची एकेक डिस्क उचलून टेबलावरच्या मशीनला जोडत होता. पहिलीत रक्त तपासणीचे अहवाल होते. ते दिसताच त्याने डिस्क काढून ठेवली. दुसरीत मुदपाकखान्याचा हिशेब. एकीत कुणाच्या तरी लग्नाचे इतके फोटो होते की त्या विभागात दुसरं काही काम चालत असेल असं वाटलं नाही. एक तर उघडेचना, नुसती टिकटिक करत राहिली. वहिनींनी माझी बाही पकडली होती, ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. दाढीवाल्याने ती डिस्क शांतपणे बाजूला ठेवली. क्रेटचा तळ दिसायला लागला होता.

मग एक डिस्क जोडली आणि पडद्यावर एकाच वेळी तीन चौकटी उगवल्या. तिन्हींत एकाच नावाचं फोल्डर होतं: आवाज.

“ही!” मी ओरडलो. पत्रा घुमला.

वहिनी पुढे वाकल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “माझं डी आणि ई मध्ये होतं. इथे एफ, जी आणि एच लिहिलंय.”

“अक्षर मशीन देतं, मॅडम. तिकडे सी, डी, ई असेल. इथे जोडली की पुढची अक्षरं.”

“पण तिन्ही एकदम कशा आल्या?”

दाढीवाल्याला प्रश्न नीट कळला नसावा. त्याने वायरीच्या टोकाला असलेली डिस्क उचलून त्यांना दाखवली. साबणाच्या वडीएवढी. “एकच आहे ना ही. एका कपाटाचे तीन कप्पे पाडलेत, एवढंच. फॉरमॅट मारला तर एक कप्पा पुसला जातो. कपाट नेलं तर तिन्ही जातात.”

वहिनी त्या वडीकडे बघत राहिल्या. मग टेबलाजवळच्या उलट्या क्रेटवर बसल्या. आवाज सापडला होता, मी तर नाचायच्या बेतात होतो, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे एकच प्रत होती,” त्या म्हणाल्या. “आणि मी झोपत होते.”

मला त्यांची फार दया आली. माणसाला तिन्ही कुलपं नीट लावल्याचं समाधान असावं आणि घराला मागची भिंतच नाही हे कुणीतरी सहज सांगावं, तसं झालं होतं. मी म्हटलं, “वहिनी, सापडलं ना?” त्या “हो” म्हणाल्या आणि तरी बराच वेळ उठल्या नाहीत.

“चालतंय का ते तर बघू,” दाढीवाला म्हणाला आणि त्याने सुतारकाकांच्या नावाच्या फोल्डरमधली एक फाइल उघडली. टेबलावरच्या स्पीकरमधून खरखर झाली, कोणीतरी खाकरलं, आणि अख्ख्या शेडमध्ये काकांचा आवाज दणाणला:

“दार लाव आधी! आणि आपटू नकोस. उचलून लाव!”

दाढीवाला खुर्चीवरून उठला, शेडच्या टोकाला गेला, पत्र्याचं दार दोन्ही हातांनी उचलून लावलं आणि परत येऊन बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या, त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता, आणि त्यांनी त्याच्याकडे चहा मागितला.

त्याच बसल्या बैठकीत सगळे आवाज दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवले गेले. आता त्यातली एक गाद्यांच्या खोलीत असते आणि दुसरी डॉक्टरबाईंच्या कपाटात, मधे दोन इमारती आणि एक रस्ता. वहिनी दोन्ही डिस्का हातात वेगवेगळ्या धरून बघतात, की त्या खरंच दोन आहेत. रुग्णालयातले बाकीचे लोक मात्र अजून छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, आपलं सगळं डी मध्ये आहे. वहिनी त्यांना समजावतात. त्या फार हळू बोलतात हीच अडचण.

काकांची पाटी तयार व्हायला काही दिवस लागले. वहिनी वाक्यं कापत बसायच्या आणि मी गाद्यांना टेकून ऐकायचो. वॉर्निशबद्दलची तक्रार त्यांनी तीन सुरांत बोलून ठेवली होती, म्हणजे पुढचं भांडण माझ्या दुकानात ठरलेलंच होतं. एका फाइलमध्ये मात्र वाक्यच नव्हतं. वहिनींचा आवाज होता. त्यांच्या माहेरच्या एका मांजराची भलीलांब, काही अर्थ नसलेली हकिगत त्या काकांना सांगत होत्या, आणि मधे मधे काका नुसते ‘हं’ म्हणत होते.

“हे काय, वहिनी? ते तर ऐकतही नाहीयेत.”

“म्हणून तर सांगत होते,” वहिनी म्हणाल्या. “मुद्दाम म्हणायला सांगितलं की ते ‘हं’ येत नाही.” आणि त्यातला एक ‘हं’ कापून त्यांनी त्याला स्वतंत्र बटण दिलं.

पाटी द्यायला आम्ही वॉर्डमध्ये गेलो तेव्हा काकू स्टुलावर तशाच बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. वहिनींनी काकांना एकेक बटण दाखवलं. काकांनी सगळ्यात आधी ‘तुला आधीच सांगितलं होतं’ हे दाबलं.

काकू ताडकन ताठ झाल्या. “काय सांगितलं होतं? कधी सांगितलं होतं? सांगायला तुम्ही घरी होता कधी?” शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. काकू थांबल्या नाहीत. नळ गळतोय, नळवाला दोनदा येऊन गेला, त्याने नवीन गळती काढून ठेवली, शेजारीण म्हणते दुसऱ्याला बोलवा, दुसरा फोन उचलत नाही. किती दिवसांचं तुंबलेलं होतं कोण जाणे. काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर कोणीतरी शिडी लावून चौकट बसवत होतं आणि ती उघडउघड तिरकी बसत होती. काकांचं बोट चाचपडत पाटीवर गेलं.

“हं.”

काकू बोलता बोलता थबकल्या. “ऐकताय का तुम्ही?”

काकांनी मान न वळवता पुन्हा तेच बटण दाबलं. “हं.”

“ऐकत नाहीयेत,” काकू वहिनींकडे वळून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “बघितलंत ना? अजिबात ऐकत नाहीयेत.”

मग त्यांनी डोळे पुसले, स्टूल पलंगाच्या आणखी जवळ ओढलं आणि नळाचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.